पेलेल तेवढाच प्रश्न

परक्या भाषेतील प्रश्न पाठ करता येतो; उत्तर मात्र पाठ करून ठेवता येत नाही. ते समोरच्याच्या मुखातून, त्याच्याच वेगाने येते. फ्रान्सला निघालेला प्रवासी चार वाक्ये घोकतो आणि पॅरिसच्या मेट्रोत ती इतक्या सफाईने म्हणतो की, या गृहस्थाला फ्रेंच येते असे ऐकणाऱ्याला वाटते. मग तोही तितक्याच सफाईने, भरभर उत्तर देतो.

त्यातच वाट सांगणारे शब्द फसवे. ‘आ द्र्वात’ म्हणजे उजवीकडे आणि ‘तू द्र्वा’ म्हणजे सरळ. शेवटचा ‘त’ घाईत निसटला की वाटही निसटते. शिवाय मेट्रोच्या फलाटावर पूर्व-पश्चिम लिहिलेले नसते. गाडी ज्या शेवटच्या स्थानकापर्यंत जाते, त्याचे नाव हीच तिची दिशा. १९०० साली सुरू झालेल्या पहिल्या मार्गावर आज एका बाजूला ‘ला देफांस’, तर दुसऱ्या बाजूला ‘शातो द व्हँसेन’ असा फलक असतो. ही नावे ज्याला ठाऊक नाहीत, त्याला विचारण्यावाचून गत्यंतर नसते. आणि या मार्गावरील गाड्या २०१२ च्या अखेरीपासून चालकाविनाच धावत असल्याने विचारायचे ते सहप्रवाशालाच.

चाळीस वर्षे कापडाचा व्यापार केलेले सोलापूरचे एक गृहस्थ पत्नीसह याच मार्गावरील कॉन्कॉर्द स्थानकात उभे होते. त्यांना ‘गार द लिओं’ गाठायचे होते. नावात लिओं असले तरी हे स्थानक पॅरिसातच आहे. लिओंच्या जलद गाड्या तेथून सुटतात. मुलगी लिओंला राहत होती आणि त्याच संध्याकाळी तिला बाळंतपणासाठी रुग्णालयात नेणार होते. गाडी सुटायला पाऊण तास उरला होता. गृहस्थांनी एका तरुणाला पाठ केलेला प्रश्न अचूक विचारला. तरुण बराच वेळ बोलला. त्यांनी मान डोलावली, ‘मेर्सी’ म्हटले आणि समोर आलेल्या गाडीकडे पाऊल टाकले.

“अहो, काय म्हणाला तो?”

“सांगितलं ना त्यानं.”

पत्नीने त्यांची बाही धरली. शेजारच्या वृद्धेला आधी ‘बोंझूर, मादाम’ म्हणून ती थांबली. उलट ‘बोंझूर’ आल्यावर तिने स्थानकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी पुढे केली, बोट खाली फलाटाकडे रोखले आणि विचारले, “से इसी?” म्हणजे, इथेच का? वृद्धा म्हणाली, “नों, आं फास,” आणि तिने रुळांपलीकडे हात केला. “आं फास?” असे म्हणत पत्नीनेही तिकडेच बोट दाखवले. वृद्धेने मान हलवली. दोघे जिना चढून पलीकडच्या फलाटावर गेली. तेथून गार द लिओं आठवे स्थानक.

त्या बाईंचे फ्रेंच जेमतेम चार-पाच शब्दांचे होते. पण उत्तर ‘होय’, ‘नाही’ किंवा हाताच्या खुणेत यावे, असा त्यांचा प्रश्न होता. अभिवादनावाचून विचारणे फ्रान्समध्ये उद्धटपणाचे मानतात, हेही त्यांनी सांभाळले. ऐकलेले त्यांनी परत म्हणून दाखवले. फोनवर मालाची मागणी घेताना आपल्या पेढीवर हेच होते: नग किती, रंग कोणता, दर काय, हे सारे उलट वाचून दाखवल्याशिवाय कोणी वहीत नोंद करत नाही.

गृहस्थांनी पेढीवर हा नियम कधी मोडला नसेल. परंतु चाळीस वर्षे लोक ज्यांना भाव विचारत आले, त्यांना भर फलाटावर एका मुलाला ‘समजले नाही’ म्हणणे जड गेले. अशी डोललेली मान गाडी चुकवते, आणि व्यवहारात कधी कधी घरही बुडवते. म्हणून प्रवासाची फ्रेंच वाक्ये घोकताना सर्वांत आधी एक वाक्य घोकावे: ‘झ ने पा कोंप्री.’ मला समजले नाही. ते म्हटल्यावर समोरचा बहुधा सावकाश बोलतो.