येथे रंग लावू नये

पौड फाट्याच्या सिग्नलला मागचा स्कूटरवाला शेजारी येऊन थांबला, हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाला, "काका, एकदा काय ते ठरवा. वळताय की थांबताय?"

"वळतोय. साइड दिलीय की."

"कसली साइड? ब्रेक मारला की तुमचा पिवळा दिवा गायब होतो."

सिग्नल सुटला, तो निघून गेला. आता वळायचं म्हणजे ब्रेक आलाच. सरळ जाताना झकास लुकलुकणारा आणि नेमका वळताना गप्प बसणारा दिवा घेऊन मी किती दिवस पुण्यात हिंडत होतो कोण जाणे.

आमची फियाट 1983 सालची. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण त्या नावानं तिला आमच्या घरात कुणी हाक मारली नाही. वडिलांनी नंबर लावून घेतलेली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, काचा हातानं फिरवायच्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, त्या हिशेबानं 2023 मध्ये पुन्हा आरटीओची वारी होती. आधीच्या खेपेला 600 रुपये असलेली फी 2022 च्या एप्रिलपासून 5000 झालेली. एवढे पैसे भरून साइड लाइटसाठी गाडी परत पाठवली गेली असती, तर घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. एरवीही या गाडीचा विषय निघाला की आमच्याकडे जरा शांतता पसरते.

पहिला संशय बल्बवर. उजव्या बाजूच्या मागच्या दिव्याची काच काढली, बल्ब दाबून फिरवून बाहेर घेतला. तार शाबूत. तरी नवा घातला. तीस-चाळीस रुपयांत मनाची शांती मिळत असेल तर माणूस घेतो. फरक शून्य.

मग फ्लॅशर. डॅशबोर्डखाली हात घातला की बोटाला लागते ती गोल पत्र्याची डबी. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. करंट गेला की ती तापते, वाकते, जोड तुटतो. निवली की परत जुळतो. टिक आणि टिक. म्हणजे टिकटिकीचा वेग दिवे किती करंट ओढतात यावर. पुढचा आणि मागचा बल्ब प्रत्येकी 21 वॅटचा, 12 व्होल्टवर दोघांचे मिळून साडेतीन अँपिअर. तेवढे मिळाले तर पट्टी वेळेवर तापते. एका दिव्यानं हात आखडता घेतला की ती आळसावते, कधी कधी वाकतच नाही. नियमाप्रमाणे दिवा मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवा. मी घड्याळ लावून मोजलं, उजवीकडे 40. ब्रेकवर पाय ठेवला की टिकटिक बंद, आणि पुढचा दिवा एकटाच जळत राहायचा, शाळेत शिक्षा म्हणून उभं केलेल्या मुलासारखा.

हे आकडे हाती असताना खरं तर मी तिथंच थांबून विचार करायला हवा होता. फ्लॅशर बिघडला असता तर डावी बाजूही अडली असती, कारण डबी दोघांना मिळून एकच. डावी बाजू ठणठणीत होती. पण विचार करण्यापेक्षा नाना पेठेत जाणं सोपं.

दुकानदारानं आधी गाडी विचारली. फियाट म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बैलगाडीची धाव मागितली. "मुंबईच्या टॅक्स्या होत्या तोवर माल फिरत होता साहेब," म्हणाला, आणि फळीवरून धूळ बसलेलं खोकं काढून दिलं. डबी घातली. तेच. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणला, त्याची टिकटिक भलतीच कोरडी, टाइपरायटरसारखी. तेच. तो काढला, जुनी डबी परत लावली. घरी आता डब्याच डब्या.

तिसऱ्या टप्प्यात एका वायरिंगवाल्याकडे गेलो. त्यानं दिव्याची मागची वायर बघितली, "चाळीस वर्षांची आहे, आतून कुजली असणार," म्हणाला, आणि पुढून मागेपर्यंत नवी वायर ओढून दिली. सीटा काढल्या, गालिचा उचलला, सातशे रुपये घेतले. येताना गाडी शहाण्यासारखी वागली. दोन दिवसांनी पाऊस झाला आणि पुन्हा पहिले पाढे. त्याला मी फार दोष देत नाही. जी चूक मी दोनदा केली तीच त्यानं तिसऱ्यांदा केली, एवढंच. आम्ही सगळे दिव्याकडे येणाऱ्या करंटच्या मागे लागलो होतो. आलेला करंट परत कुठून जातो हे कुणीच विचारलं नाही.

मधले काही दिवस मी हात दाखवून गाडी चालवली. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीबाहेर आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तरीही उजवाच हात, पण घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवायचा. लायसन्सच्या परीक्षेला पाठ केलं होतं, तेव्हापासून वापरायची वेळ आली नव्हती. डावीकडचा दिवा चालू होता, त्यामुळे गोल हाताची गरज नव्हती. पण एकदा उत्साहाच्या भरात तोही करून पाहिला. मागचा रिक्षावाला, मी त्याला पुढे जायला सांगतोय असं समजून, ओव्हरटेक करून गेला, जाताना हातही केला. आजकाल बाहेर आलेला हात म्हणजे एक तर तंबाखूची पिंक नाहीतर भांडण.

शनिवारी सकाळी बायकोला विनंती केली, "जरा आत बसतेस? ब्रेकवर पाय ठेवायचा फक्त."

"अहो, कुकर लावलाय."

"तीन शिट्ट्यांत होईल."

ती बसली. मी मागे उकिडवा. उजवी साइड चालू, ब्रेक नाही: दिवा मंद लुकलुकतोय. ब्रेक: मेला. ब्रेक सोडला: आला. असं चार-पाचदा झालं. मग आतून आवाज आला, "हा मीटरमागचा दिवा पण असाच करायचा असतो का हो?"

"कसा?"

"बारीक होतो, मोठा होतो. झोपलेल्या माणसाची छाती हलते ना, तसा."

मी पुढे धावलो. गाडीचे लाइट बंद होते. तरीही मीटरचा दिवा साइडच्या तालावर मंद लाल उजळत होता आणि विझत होता. पुढचा पार्किंगचा दिवाही तसाच. मागे जाऊन डावा टेललॅम्प हातानं आडोसा करून पाहिला, त्याच्या तारेतही निखाऱ्यासारखी धुगधुग. उजवीकडची साइड आणि डावीकडच्या टेललॅम्पमध्ये जीव. कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता.

गाडीत दिव्याला एकच वायर जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच, सगळी बॉडी बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेली. याला अर्थ म्हणतात. मागच्या दिव्यात साइड, ब्रेक आणि टेल, तिघांना मिळून एकच अर्थ. तो तुटला तर साइडचा करंट होल्डरच्या पत्र्यापर्यंत येतो आणि बाहेर पडायला दार शोधतो. दार बंद, मग तो शेजारच्या टेलच्या तारेतून उलटा घुसतो, तिच्या वायरनं मागे जातो आणि मीटरचा दिवा, पार्किंगचा दिवा, डावा टेललॅम्प अशा मिळेल त्या घरातून बॉडीवर उतरतो. इतकी उठाठेव करून त्याच्यात जोर कुठला राहायला! आणि ब्रेक दाबला की ब्रेकचे 12 व्होल्ट त्याच बंद खोलीत शिरतात. होल्डरचा पत्राच धन होतो. साइडच्या तारेच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, वाहणार कोण?

तिसरी शिट्टी. "आता जाऊ का मी?"

"एक मिनिट, दाबून ठेव."

मल्टिमीटरची एक टोचणी होल्डरच्या पत्र्याला, दुसरी डिकीच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टला. अर्थ नीट असेल तर दोन्हीमध्ये जवळजवळ शून्य यायला हवं. काटा साडेआठावर. मग वायरचा एक तुकडा घेऊन होल्डर आणि तो बोल्ट जोडले, आणि दिवा असा भडकला की समोरच्या भिंतीवर पिवळे फटके पडायला लागले. ब्रेक दाबलेलाच होता.

डिकीच्या आत, कोपऱ्यात, होल्डरचा पत्रा बॉडीला एका नटबोल्टनं आवळलेला आहे. टॉर्च धरून पाहिलं. तो कोपरा अगदी सुरेख होता. गंजाचा ठिपका नाही, गुळगुळीत, एकसारखा राखाडी, नटाच्या कडेनंसुद्धा ब्रशची रेघ नीट फिरवलेली.

तो ब्रश माझा होता. लॉकडाऊनमध्ये वेळ जात नव्हता म्हणून डिकी पूर्ण रिकामी केली होती. सगळे नट काढले, पत्रा घासला, रेड ऑक्साइडचा हात दिला, वर राखाडी रंगाचे दोन हात. वाळल्यावर नट परत आवळले, आणि उघडे दिसू नयेत म्हणून वरून तिसरा हात. आठवडाभर लोकांना बोलावून डिकी दाखवत होतो. होल्डर आणि बॉडी यांच्यामध्ये मी रंगाचा पापुद्रा घालून ठेवला होता. नट आवळताना कुठंतरी रंग खरवडला गेला असेल, तेवढ्या केसभर जागेतून दोन वर्षं काम चाललं. मग तिथंही ओल शिरली.

नट सुटता सुटेना, रंगानंच धरून ठेवला होता. पान्ह्याला पाइप घालून जोर दिला तेव्हा कटकन आवाज झाला. पॉलिश पेपरनं होल्डरची मागची बाजू आणि बॉडीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. मध्ये दातेरी वॉशर घातला, तो पत्र्यात रुततो. आवळल्यावर वरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं, पाणी बसू नये म्हणून. पुन्हा मीटर लावला, एका व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी. घड्याळ लावून मोजलं, 78. ब्रेक दाबूनही 78. डावी बाजू मोजली तर 80, ते दोन कुठं गेले हे शोधायचा मोह मी आवरला.

पासिंगच्या दिवशी तपासणाऱ्या साहेबांनी उजवी साइड मागितली, दिली. डावी मागितली, दिली. ब्रेक. लागला. सगळं मिळून वीस सेकंदं. डिकी उघडायला त्यांनी सांगितलंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, पेपरात फोटो आला होता. बायकोनं तो कापून फ्रिजवर लावला. का, ते मी विचारलं नाही.

डिकीतला रुपयाएवढा तो पत्रा अजून उघडा आहे, दर पावसाळ्यानंतर थोडा तांबूस होतो आणि मी पेपर मारतो. परवा डिकीत भाजीची पिशवी ठेवताना दिसलं, त्याच्या शेजारी तिनं मार्करनं ठळक, शिरोरेखा ओढून लिहिलंय: "येथे रंग लावू नये." खाली बारीक अक्षरात: "विशेषतः मालकांनी."