घरात पाणी शिरलं होतं का?

२००५ च्या ऑगस्टात आम्हा इंटर्न मुलांना फॉर्मचे गठ्ठे देऊन करी रोडच्या चाळींत पाठवलं. २६ जुलैच्या महापुराला पंधरवडा उलटला होता, तापाचे रुग्ण वाढत होते आणि लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, संशय होता. फॉर्मवरचा चौथा प्रश्न : घरात पाणी शिरलं होतं का?

पहिल्या दिवशी मी भराभर दारं वाजवली आणि चौथ्या प्रश्नापुढे ‘नाही’ची रांग लावली. दुसऱ्या माळ्यावर पाणी शिरणार कुठून? त्यात गॅलरीत एकाला विचारावं तर उत्तर तिघी देणार. नवऱ्याचं बायको सांगे, बायकोचं सासू. संध्याकाळी फॉर्म नीटनेटके भरले होते आणि त्यांत काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या दवाखान्यातल्या आरोग्यसेविका सोबत आल्या. त्यांना सगळी चाळ ‘बाई’ म्हणायची. बाईंनी फॉर्म पिशवीतून काढलाच नाही. तापातून उठलेल्या एका माणसाच्या दारात त्या उंबऱ्यावरच बसल्या, पाणी मागितलं, आणि म्हणाल्या, “त्या दिवशी घरी कसे आलात, दादा?”

एवढंच. आणि तो माणूस वीस मिनिटं बोलला. कामाला कुर्ल्याला. गाड्या बंद, म्हणून चालत निघाला. करी रोडपासून कुर्ला पाचवं स्टेशन, रोज डोळा लागेपर्यंत येणारं. त्या रात्री पोचेपर्यंत पहाट झाली. कमरेएवढ्या पाण्यात चपला गेल्या, टाचेत पत्रा घुसला, रुमाल बांधून तसाच चालत राहिला. बायको आतून म्हणाली, “पत्र्याचं मला नाही बोललात!”

मी मात्र वहीत भरभर लिहीत होतो. लेप्टोचे, म्हणजे उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यातून अंगात शिरतात ते बहुधा अशाच कापल्या-खरचटल्या जागेतून. उपनगरातल्या सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, दक्षिण टोकाच्या कुलाब्याला जेमतेम ७३. फॉर्मवर पत्ता करी रोडचा असला तरी दुखणं वाटेत लागलेलं होतं, आणि वाटेबद्दल आमच्या फॉर्ममध्ये एकही प्रश्न नव्हता.

मी विचारलं, ताप कधी आला? “झाले आठ-दहा दिवस.” मी लिहून टाकणार, तोच बाईंनी विचारलं, “गटारीच्या आधी की नंतर?” तो आत बघून हळूच म्हणाला, “गटारीला थेंब घेतला नाही. अंग फणफणलं होतं.” म्हणजे ऑगस्टचा पहिला आठवडा, पाण्यातून आल्यावर नऊ-दहा दिवसांनी. लेप्टोला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात. हिशेब बसत होता. (गटारीचा हा उपयोग आम्हाला कुठल्या पुस्तकात शिकवला नव्हता.)

पुढच्या खोलीतल्या आजींनी दार अर्धंच उघडलं. “न्यायला नाही ना आलात?” नातू आत झोपला होता. प्लेगच्या वेळी घरोघर शोध घेऊन माणसं उचलून नेत. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी इथून जवळच्या आर्थर रोडच्या इस्पितळावरच चाल केली होती. आजी अर्थातच त्यानंतरच्या, पण भीती घरातूनच आलेली असावी. बाईंनी पिशवी खाली ठेवली, रिकामे हात दाखवले. “नाही हो आजी. त्याला बरं वाटेपर्यंत रोज येईन म्हणतेय.” दार उघडलं. माझ्या एप्रनकडे बघून आजींनी ते बंदच करायला घेतलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवसापासून तो घातला नाही.

बाईंना मी विचारलं, ताप न आलेल्यांकडे वेळ कशाला घालवायचा? त्यांनी उत्तर दिलं नाही, मला कोपऱ्यातल्या खोलीवर नेलं. तिथला माणूस त्या रात्री टाच कापलेल्याच्या सोबतच कुर्ल्याहून चालत आला होता. ठणठणीत होता आणि वैतागलेलाही.

“मला काही झालं नाही. मला कशाला विचारता?”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “पायात काय होतं?”

त्याने खाटेखाली हात घालून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बाहेर ओढले. कंपनीचे. पाणी वरून आत गेलं होतं, पण तळव्याला ओरखडा नव्हता. बूट अजून वाळले नव्हते.