दामदुप्पट

पोस्टाच्या भिंतीवर किंवा एखाद्या पतसंस्थेच्या फलकावर ‘दामदुप्पट’ दिसली की मनात उभं राहतं ते आमिष: आज ठेवा, अमुक वर्षांनी दुप्पट न्या. पण मूळची दामदुप्पट ठेवीदाराची नव्हेच. ती कर्जदाराची, आणि तिचं काम वचन देण्याचं नसून अडवण्याचं. सावकाराने एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, हा धर्मशास्त्राचा दंडक. शंभर दिलेत, तर वीस वर्षं थांबूनही एका वेळी हाती पडणार ते दोनशेच. मनुस्मृतीने धान्य, लोकर यांसाठी ही मर्यादा पाचपटीपर्यंत सैल केली आहे. धान्य पेरलं तर उगवतं, नाणं उगवत नाही, हे शास्त्रकारांनी पाहिलं असावं. त्या नाण्याचं नावही दूरवरून आलेलं: दाम म्हणजे द्रम्म, आणि द्रम्मामागे ग्रीकांचा द्राख्मा. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हा नियम हिंदू ऋणकोपुरता चालू ठेवला आणि शब्द जसाच्या तसा इंग्रजी निकालपत्रांत जाऊन बसला.

कुणी म्हणेल, हा नियम कागदावरचाच. दावा लागण्याआधी सावकार खत नवं-जुनं करून घेई: शंभर मुद्दल, शंभर व्याज, मिळून दोनशेचं नवं खत, आणि मर्यादा एकदम चारशेवर. पळवाट खरीच होती. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या खतांवर होता, तो उगाच नव्हे. पण पळवाट काढावी लागते याचाच अर्थ वाट अडलेली असते. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा सगळा व्यवहार उकरून पाहायला सांगितलं, आणि १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने मुद्दलाहून जास्त व्याजाचा हुकूमनामा करू नका असं बजावलं. म्हणजे जुनं तत्त्व धर्माच्या चौकटीतून निघून सर्वांच्या कायद्यात आलं.

मग १ एप्रिल १९८८ ला किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट, आणि शब्दाने कूस बदलली. दुसरा आक्षेप इथलाच: शब्द बदलतात, गणित तर तेच, एकाचे दोन, तक्रार कसली? गणित मात्र तेच राहिलेलं नाही. जुन्या दामदुपटीत काळाला जागाच नव्हती. कितीही वर्षं लोटोत, रेघ तिथेच. नव्या दामदुपटीत काळ हाच सगळा सौदा. साडेपाच वर्षं म्हणजे साधारण साडेतेरा टक्के. २०२३ पासून याच पत्राला लागणारे ११५ महिने म्हणजे साडेसात. दोन्हींना नाव एकच, आणि ते नाव दर झाकून ठेवतं. भाववाढ वर्षाला सहा टक्के धरली, तर त्याच ११५ महिन्यांत शंभराची वस्तू जवळपास पावणेदोनशेला जाते. ठेवीदाराच्या हातात दोनशे येतात खरे, पण त्यातली खरी वाढ ठेवीच्या वेळच्या भावाने चौदाच्या आसपास, तीही कर वजा व्हायच्या आधीची. पोस्टाच्या पत्रामागे निदान सरकारची हमी असते. गल्लीतला एजंट हाच शब्द घेऊन दारात येतो तेव्हा त्याला महिने किती आणि दर किती एवढंच विचारावं. दोन्हींचं उत्तर सरळ आलं नाही, तर पुढचं माहितीपत्रक वाचायचीही गरज नाही.