विहिरीवरचा कॅमेरा आणि ऑफिसातला जुना स्विच

आज पिकाचं नाही, पण शेतावरच्याच एका कामाचं लिहितोय.

थ्री फेज लाईट रात्रीची असली की आपल्याला रात्री विहिरीवर जावं लागतं. ऑटो स्टार्टर मोटर चालू करून देतो, पण दारं धरायला माणूसच लागतो. शेजारी ऊस उभा असेल तर बिबट्या कुठे बसलाय ते बॅटरीच्या उजेडात कळत नाही. नाशिक-जुन्नरकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून घरातून निघायच्या आधी विहीर बघता यावी एवढ्यासाठी कॅमेरा बसवला. मग कांदा चाळ, गोठा, अंगण असं करत सहा कॅमेरे झाले.

कॅमेऱ्यांना एकाच वायरीतून नेट आणि करंट दोन्ही देणारा स्विच लागतो. त्याला पीओई म्हणतात. नवा मोठा स्विच महाग पडतो. शहरात ऑफिसं बदलली की त्यांचे स्विच जुन्या बाजारात येतात. मी सिस्को कंपनीचा कॅटॅलिस्ट २९६० घेतला, २४ पोर्टचा. सगळ्या पोर्टांना मिळून ३७० वॅट देतो, एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट. आपल्या कॅमेऱ्याला ५-७ वॅट पुरतात.

पण घरी आणून कॅमेरे जोडले तर दोनच चालू, बाकीचे बंद. बरेच जण इथेच म्हणतात, डबा खराब निघाला. डबा खराब नसतो. आधीच्या ऑफिसची मांडणी त्यात तशीच बसलेली असते. काही पोर्ट त्यांनी बंद केलेले असतात, काही वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकलेले असतात. व्हीलॅन म्हणजे आपले वाफे समजा. एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात जात नाही, तसं एका व्हीलॅनमधला कॅमेरा दुसऱ्यातल्या रेकॉर्डरला दिसत नाही. आणि बांध फोडायला पासवर्ड लागतो, तो आपल्याकडे नसतो. म्हणून आधी सगळं सपाट करायचं.

त्यासाठी लॅपटॉप, पुट्टी नावाचा फुकट प्रोग्रॅम आणि यूएसबीची कन्सोल केबल लागते. स्विचवर 'कन्सोल' लिहिलेल्या पोर्टातच ती लावायची, कॅमेऱ्याच्या पोर्टात नाही. पुट्टीत 'सीरियल' निवडून वेग ९६०० ठेवायचा. पुढचं सगळं इंग्रजीत टाइप करायचं, मी फक्त उच्चार लिहितोय.

१. स्विचची पॉवर काढा. पुढचं 'मोड' बटण दाबून धरा आणि पॉवर जोडा. 'सिस्ट' दिवा हिरवा लुकलुकेल. तो क्षणभर नारिंगी होऊन मग स्थिर हिरवा झाला की बटण सोडा. स्क्रीनवर 'स्विच' आणि पुढे दोन टिंबं येतील.

२. 'फ्लॅश अंडरस्कोर इनिट' टाका. झाल्यावर 'डीआयआर फ्लॅश' आणि दोन टिंबं. आतल्या फायली दिसतील.

३. त्यात 'कॉन्फिग डॉट टेक्स्ट' ही जुन्या मालकाची मांडणी. 'रीनेम' करून तिला 'कॉन्फिग डॉट ओल्ड' नाव द्या. दोन्ही नावांच्या आधी 'फ्लॅश' आणि दोन टिंबं हवीत. 'व्हीलॅन डॉट डॅट' असेल तर ती 'डिलीट' करा. हे राहिलं तर जुने वाफे तसेच राहतात.

४. 'बूट' टाका आणि दोन-चार मिनिटं थांबा. सुरुवातीची मांडणी करायची का असं विचारेल, 'नो' म्हणा.

फायलींच्या यादीत 'डॉट बिन' असलेली मोठी फाईल दिसेल, कधी ती एखाद्या फोल्डरच्या आत असते. तिला हात लावायचा नाही. तोच स्विचचा जीव आहे. 'फॉरमॅट' ही आज्ञा तर टाकूच नका.

आता सगळे पोर्ट एकाच वाफ्यात आले. 'इनेबल' करून नवा पासवर्ड घाला आणि शेवटी 'राइट मेमरी' टाका. ते टाकलं नाही तर लाईट गेली की केलेलं सगळं पुसलं जातं. आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीतच आहे. सगळं नीट चाललं की 'कॉन्फिग डॉट ओल्ड' पण काढून टाका. त्यात त्या ऑफिसच्या पासवर्डच्या खुणा आणि पोर्टांची नावं असतात. दुसऱ्याच्या घरची किल्ली सापडली म्हणून आपण कुलूप उघडून बघत नाही, तसंच हे.

आणखी एक. वायर लावल्यावर पोर्टचा दिवा अर्धा मिनिट नारिंगी राहतो. स्विच तेवढ्यात बघत असतो की वायर फिरून परत त्याच्याकडेच तर येत नाही ना. घाई करून वायर काढू-घालू नका, दर वेळी मोजणी पुन्हा सुरू होते.

तांब्याची नेटची वायर १०० मीटरपर्यंतच धरायची. आमची विहीर घरापासून २६० मीटर. तिथे फायबर टाकली, ठिबकच्या मेन लाईनच्या चारीतूनच, वेगळ्या पाईपात. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर. एकाच धाग्याची फायबर असेल तर एक 'ए' आणि एक 'बी' असा जोड लागतो, दोन्ही 'ए' चालत नाहीत. फायबर काचेची असल्याने वीज पडली तरी तिच्यातून घरात करंट येत नाही, पण आत लोखंडी तार असलेली घेऊ नका. फायबरमधून कॅमेऱ्याला पॉवर मात्र जात नाही. म्हणून विहिरीवर छोटी सोलर प्लेट आणि १२ व्होल्टची बॅटरी आहे.

खर्चाचं खरं सांगतो. स्विच आणि कॅमेरे मिळून ८० वॅट धरले तर दिवसाला जवळपास २ युनिट, महिन्याला ५८ च्या आसपास. पंख्याचा आवाज येतो, झोपायच्या खोलीत ठेवू नका. धूळ, मुंग्या, पाली यांच्यापासून लांब, भिंतीला उंचावर, अर्थिंग करून बसवा. पत्र्याचं झाकण स्वतः उघडू नका, पॉवर काढल्यावरही आत करंट शिल्लक असतो. तुमचे दोन-तीनच कॅमेरे असतील तर चार पोर्टचा छोटा नवा स्विच परवडतो, याच्या नादी लागू नका.

असल्या जुन्या स्विचला कंपनीकडून नवे अपडेट येत नाहीत. तेव्हा तो राउटरच्या आतच ठेवा, आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलल्याशिवाय नेटला जोडू नका.

गेल्या महिन्यात रात्री पावणेदोनला मोबाईलवर विहीर बघितली. हौदाच्या कडेला दोन डोळे चमकत होते. त्या रात्री दारं धरली नाहीत. गव्हाचं पाणी एक दिवस लांबलं, बाकी काही नाही. पोरगा म्हणाला, "आप्पा, डब्याचे पैसे फिटले."

कुणी असा स्विच घेतला आणि अडलं तर स्क्रीनचा फोटो पाठवा, बघू काय ते. पासवर्ड मात्र झाकून पाठवा.