मोरसचे बेट

आपल्या गुजराती घरांत साखरेला ‘मोरस’ म्हणतात. हा शब्द मॉरिशसवरून आला. एके काळी तेथील साखर गलबतांतून मुंबईस उतरत असे. सांगलीच्या पेठेत उसाचा हिशेब मांडणाऱ्यांनी ते बेट जाणून घ्यावे असे आहे.

१८३५ मध्ये तेथील गुलामगिरी संपली आणि मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. पुढील दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसे पोर्ट लुईला उतरली. बहुतेक भोजपुरी, मग तमिळ, तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले मराठी थोडे, मुख्यतः रत्नागिरीचे, काही साताऱ्याकडचेही. उतरण्याची ती जागा, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा आहे.

आज सुमारे साडेबारा लाखांच्या त्या राष्ट्रात फ्रेंच मळेवाले, आफ्रिकी गुलाम, चिनी दुकानदार आणि गुजराती मुसलमान व्यापारी यांचे वंशज शेजारी नांदतात. जमातीचा प्रश्न जनगणनेत १९७२ नंतर विचारलेला नाही. हे मला शहाणपणाचे वाटते. ईद, नाताळ, चिनी नववर्ष यांप्रमाणेच गणेश चतुर्थीलाही देशभर सुट्टी असते.

मराठी शाळेत शिकता येते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेतही. घरात मात्र क्रेओल. आरती मराठीत होते, प्रसाद वाटतानाचे बोलणे क्रेओलमध्ये. आपल्याकडे दुकानात मराठी, देव्हाऱ्यापाशी गुजराती वा मारवाडी, आणि नातवंडांचे उत्तर इंग्रजीत. त्यामुळे हे चित्र परके वाटत नाही. तेथील मराठी माणसांनी निदान सण धरून ठेवला आहे.