दिव्याच्या पोटातला आरसा

बाबांच्या बुलेटचं हेडलाइट आज उघडलं. गाडी १९७४ची, घरात माझ्याआधी आलेली. रिमचा स्क्रू सैल केला, मागच्या डब्ल्यूच्या आकाराच्या स्प्रिंगा एकेक करून काढल्या आणि काच, रिफ्लेक्टर सगळं मिळून हातात आलं. रिफ्लेक्टरचा खालचा भाग तपकिरी, फोड आलेला. वरचा भाग दुधाळ, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा. बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "ह्याच दिव्यावर आंबा घाट चढलोय रे मी. पावसात." आणि आत गेले.

*

गंज नेहमी खालीच का? गॅस्केट वाळून आखडलं की पाणी आत शिरतं आणि तळाशी साचून राहतं. दिवा लागला की त्याची वाफ होते, विझला की ती काचेवर आणि आरशावर थेंब होऊन बसते. पन्नास पावसाळे हेच चाललं असणार.

*

शाळेत अन्वस्त शिकवला तेव्हा तो वहीवरचा एक वाकडा आकार होता. नाभी, अक्ष, सूत्र. परीक्षा झाली, विसरलो. आता रिफ्लेक्टर हातात धरून फिरवतो तेव्हा कळतं की हा अन्वस्त स्वतःभोवती फिरवून तयार झालेला कटोरा आहे. नाभीतून निघालेला किरण त्याच्यावर कुठेही आपटला तरी अक्षाला समांतर होऊन बाहेर पडतो. बल्बची तार नाभीत हवी. दोन मिलिमीटर सरकली की झोत फुटतो. डीपरची दुसरी तार मुद्दाम नाभीपासून जरा बाजूला ठेवलेली असते, म्हणून झोत खाली उतरतो. जुन्या प्रीफोकस बल्बच्या मानेला जी चकती असते, ती एवढ्याचसाठी: बल्ब कुणीही बसवला तरी तार आपल्या जागी जावी.

सगळे विचारतात, चमक परत येईल का? माझा पहिला प्रश्न असतो, आकार शाबूत आहे का? चमक पुन्हा चढवता येते. ठोकून, घासून बिघडलेला आकार फार क्वचित परत येतो.

*

लोहचुंबक खिशात ठेवावा. चिकटला तर रिफ्लेक्टर लोखंडी पत्र्याचा आणि बहुधा ॲल्युमिनियमचा थर दिलेला. नाही चिकटला तर रिमखाली झाकला जाणारा काठ नखभर खरवडून पाहावा. पिवळं दिसलं की पितळ, आणि पितळ असेल तर वर बहुतेक चांदी. दोघांचे उपचार पूर्ण वेगळे.

*

बुलेटचा लोखंडी. दुसरा, पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सापडलेला, पितळेचा. कुठल्या गाडीचा होता, कळायला मार्ग नाही. त्याच्या काचेच्या वरच्या भागावर काळ्या रंगाचे ओघळ होते. १९७१च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी गाड्यांचे दिवे काळे करत, हे बाबांकडून ऐकलेलं. हा रंग तेव्हाचाच असेल असं नाही, नंतरही समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून काचेचा वरचा भाग रंगवत. कोमट साबणाच्या पाण्यात काच रात्रभर ठेवली, सकाळी ब्लेडने रंग हळूहळू निघाला. रिमखाली जाणारी बोटभर पट्टी तशीच ठेवली. प्रकाश अडत नाही आणि कुणाचा तरी हात त्यावर फिरला होता.

*

पितळी रिफ्लेक्टर आधी शहरातल्या एका प्लेटिंगवाल्याकडे दिला. त्याने क्रोम करून दिला. दिसायला इतका देखणा की मी खूश होऊन घरी आणला. रात्री बल्ब लावला आणि समोरच्या भिंतीवर राखाडी, थकलेला उजेड पडला. क्रोम दृश्य प्रकाशातला साधारण दोन तृतीयांशच परत फेकतं. चांदी ९५ टक्क्यांहून जास्त. ॲल्युमिनियम ९०च्या आसपास. क्रोम ऊन-पावसाला टिकतं म्हणून ते रिमवर शोभतं. आत नको.

शिवाय क्रोमआधी बफिंगच्या चाकाने काठाशी लाटा उमटवल्या होत्या. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

*

हुपरी. कोल्हापूरपासून जवळ, चांदीच्या दागिन्यांचं गाव. मुलामा देणारे एक काका भेटले. त्यांनी रिफ्लेक्टर उजेडाकडे तिरपा धरला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दागिन्याला नुसती वरची चमक लागती. ह्याला आतनं सरळ बघाय लागतं." अन्वस्त हा शब्द न उच्चारता त्यांनी तो सांगितला होता.

काम असं झालं. क्रोम आणि त्याखालचं निकेल उतरवलं. आतल्या बारीक पोचांवर लाकडी ठोकणीने, मागून कापडाची उशी लावून, अगदी हलके ठोके दिले. मग लाल रूजने हातानेच झिलई, चाक जवळही आणलं नाही. काठाच्या लाटा पूर्ण गेल्या नाहीत, निम्म्या गेल्या. मग तांब्याचा पातळ थर आणि त्यावर चांदी. चांदीच्या द्रावणात सायनाइड असतं, हे घरी करून बघायचं काम नाही.

गावात एकाने कल्हई करून घ्यायला सुचवलं होतं. कल्हई कथलाची. कापसाच्या बोळ्याने पुसत फिरवलेली, बोळ्याच्या खुणा तिच्यात राहतातच. भांड्याला उत्तम, आरशाला नाही.

*

परत देताना काकांनी रिफ्लेक्टर कागदात गुंडाळला, रबरबँड काढून बाजूला ठेवला आणि सुतळी बांधली. रबरात गंधक असतं. गंधकाने चांदी काळी पडते. मी दिव्याला नवं रबरी गॅस्केट आणून ठेवलं होतं! ते परत केलं, कॉर्कचं कापून घेतलं.

*

लोखंडी रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो. केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली तर तिचा सातशेवा भाग. म्हणून त्याला मऊ फडकंसुद्धा नको, धातूचं पॉलिश तर मुळीच नको. धूळच असेल तर डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एक थेंब, आत घालून हलवायचं, ओतायचं, पालथं घालून वाळू द्यायचं. एक बोट लागलं तर त्याचा ठसा कायमचा.

थर गेलाच असेल तर व्हॅक्यूम मेटलायझिंग. बाटल्यांची झाकणं आणि ट्रॉफ्या चमकवणारी युनिटं हे करतात, एका नगासाठी तयार होणारं शोधावं लागतं. गंज पूर्ण काढून आधी लॅकरचा थर देऊन भट्टीत भाजतात. तो स्वतःच सपाट बसतो, खरी गुळगुळीत पाठ तोच देतो. मग बंद टाकीतली हवा खेचून घेतात आणि टंगस्टनच्या तापलेल्या वेटोळ्यावर ॲल्युमिनियमची वाफ करतात. हवा नसल्याने वाफेचे कण वाटेत कशावर न आपटता सरळ आरशावर येऊन बसतात. काही क्षणांचं काम. वर संरक्षणासाठी पारदर्शक लॅकर.

अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर १९३५मध्ये चांदीच्या जागी याच पद्धतीने ॲल्युमिनियम चढवलं. आपल्या जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे, तिच्या आरशाचं कामही ॲल्युमिनियमच करतं. दुर्बीण दुरून आलेला समांतर प्रकाश नाभीत गोळा करते, हेडलाइट नाभीतला प्रकाश समांतर करून दूर पाठवतं. उलट दिशेचा तोच प्रवास. हे लक्षात आलं त्या संध्याकाळी मी किती तरी वेळ रिकामा रिफ्लेक्टर मांडीवर घेऊन बसलो होतो.

*

बुलेटचा आरसा असा नवा झाला, तरी उजेड पिवळा. वायरिंग तपासलं. ६ व्होल्टवर ३५ वॅटचा बल्ब जवळपास ६ अँपिअर ओढतो. अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात ०.१ ओहम अडथळा असला तरी अर्धा व्होल्टहून जास्त तिथेच खर्ची पडतो, आणि व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड सुमारे ३० टक्के उतरतो. १२ व्होल्टच्या गाडीत त्याच अडथळ्याने उजेड ८ टक्क्यांच्या आसपासच घटेल. म्हणून ६ व्होल्टची गाडी मिणमिणती म्हणून बदनाम. जोड घासले, दिव्याच्या डूमपासून बॅटरीपर्यंत अर्थची वेगळी वायर टाकली. फरक बाबांनी ओसरीवरून सांगितला.

*

झोत लावताना गाडी स्टँडवर नको, वर माणूस बसलेला हवा. स्प्रिंगा दबल्या की दिव्याचं तोंड थोडं वर होतं. भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ ओढली. बाबांना गाडीवर बसवलं. अप्पर: झोताचा गाभा रेघेच्या जरा खाली. डीपर: खाली आणि डावीकडे. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा त्यांनी अंगठ्याने अप्पर-डीपर केलं. मी रिम घट्ट केली तरी ते उतरले नाहीत.

*

हँडलजवळचे दोन छोटे दिवे अजून बाकी आहेत. १९५४पासून बुलेटच्या कपाळावर असलेले ते वाघाचे डोळे. डावीकडच्याची काच तडकली आहे. बुधवारी जुना बाजार भरेल.