साहेबांच्या शेजारची खुर्ची

शनिवार. काळेवाडीत सकाळपासून लाईट गेलेली, लॅपटॉपही आडवा. म्हणून राम प्रधानांचं १९६५च्या युद्धावरचं पुस्तक वाचायला घेतलं. १९६२च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हे सनदी अधिकारी त्यांचे खाजगी सचिव होते. युद्धाचे निर्णय त्यांनी शेजारून पाहिले. पुढे स्वतः केंद्रीय गृहसचिव झाले; १९८६च्या मिझोराम करारावर त्यांची सही आहे. तरी २००७ साली पुस्तक आणलं ते यशवंतरावांच्या डायरीचं!

आणि मी? परवाच्या रिलीजच्या मेलमध्ये माझं नाव नव्हतं म्हणून दोन दिवस धुमसतोय. अगदी राजीनाम्याचा मसुदासुद्धा तयार होता. आता डिलीट करतोय... लाईट आली की.